बादलीचं बूड

सोमवार. मतदानाला तेरा दिवस.

ही वही लेकीने दिली. बांधणीचा नमुना म्हणून छापखान्यात कोरी पडून होती. म्हणाली, "बाबा, दिवसभर तेच तेच घोकता, त्यापेक्षा यात लिहा. आईचे कान तरी सुटतील." मी चौथी शिकलेला माणूस. छापलेलं अक्षर ओळखीचं, हाताने काढायचं म्हटलं की बोटं आखडतात. पण आज पाहिलं ते पोटात ठेवलं तर उलटी होईल, म्हणून लिहितो.

पालिकेच्या निवडणुकीच्या मतपत्रिका आमच्या छापखान्यात छापल्या. आमच्या म्हणजे आता लेकीच्या. मी तिथे एकेचाळीस वर्षं कागद कापला आणि शहात्तराव्या वर्षीही कापतो. एका तावावर दोन मतपत्रिका, एक वर, एक खाली. आधी मशीनवर छपाई, मग माझ्या कटरवर मधोमध काप. वरच्यांचे गठ्ठे वेगळे, खालच्यांचे वेगळे. वरच्यांच्या पेट्या शनिवारी निवडणूक कचेरीत पोचल्या, खालच्यांचे गठ्ठे अजून छापखान्यातच होते, आणि आज सकाळी तिथून बोलावणं आलं. लेक आणि मी गेलो.

आठ उमेदवार आहेत. सगळ्यांत खाली दवाखान्यातली नर्सबाई, निशाणी बादली. तिथल्या साहेबांनी एक मतपत्रिका टेबलावर टाकली. बादलीला बूड नव्हतं. शिक्का मारायच्या चौकोनाला खालची रेघ नव्हती. कागदच तिथे संपला होता. साहेब दात कोरत होते आणि काडीच्या टोकाला काय आलं ते निरखत होते. म्हणाले, "बाईंना पाणी भरता यायचं नाही यात." दोन्ही कारकून हसले. शिक्का रेघेबाहेर गेला की मत बाद होतं. म्हणजे एका बाईची मतं बाद होणार, आणि हे दात कोरतात.

मी तिथल्या तिथे सांगितलं, छपाई सरकली आहे. मशीनवर ताव तिरका गेला की असं होतं. लेकीने ती मतपत्रिका उचलली, वरच्या कडेवरून अंगठा फिरवला, मग खालच्या कडेवरून फिरवला आणि खाली ठेवली. तिचा चेहरा उतरला होता. धंद्याची काळजी, दुसरं काय.

साहेबांचा हुकूम असा: खराब किती ते उद्या मोजून काढा, तेवढ्या पुन्हा छापा आणि गुरुवारपर्यंत चूक करणाऱ्याचं नाव लेखी द्या. नाव दिलं नाही तर छापखाना बंद.

मशीनवर बांबू असतो. उंच, वाकलेला, पस्तिशीचा. त्याला सगळे बांबूच म्हणतात, त्याची बायकोसुद्धा.

मंगळवार. बारा दिवस.

शाळेच्या हॉलमध्ये मोजणी. बाकं भिंतीला लावून मधे लांब टेबलं. दहा-बारा माणसं, बहुतेक निवृत्त कारकून. मी छापखान्याचा म्हणून बसलो.

किळस म्हणजे काय ते आज कळलं. ही माणसं कागद मोजायला बोट जिभेवर लावतात. ओला स्पंज समोर ठेवलेला, पण नाही, जीभच. माझ्या शेजारच्याला सर्दी होती. तो नाक पुसायचा, तेच बोट चाटायचा आणि तेच मतपत्रिकेवर. उद्या कुणीतरी भला माणूस तो कागद हातात धरून गावाचं भलं चिंतणार. पलीकडचा वडे खात होता, तेलाचे ठसे सहा नंबरच्या उमेदवारावर. मी दोनदा ओरडलो तर म्हणाला, "आजोबा, मतपेटीत वास येत नाही." मी जागा बदलली. नवीन जागी पंख्याखाली कुणाच्या तरी डोक्यातला कोंडा उडत होता.

खराब निघाल्या तीन हजार. कमी नाही, जास्त नाही.

नर्सबाई स्वतः आली होती. बुटकी, पांढऱ्या कपड्यातली, ड्यूटीवरून थेट. हसली नाही, रडलीही नाही. तिने एक चांगली आणि एक खराब मतपत्रिका शेजारी शेजारी धरली आणि मला विचारलं, "छपाई खाली सरकली म्हणता, मग वरची मोकळी जागा वाढायला हवी ना? ती तर दोन्हींत सारखीच आहे."

दवाखान्यातल्या बाईला छपाईतलं काय कळतं. मी म्हटलं, मशीनचं गणित वेगळं असतं. ती बघत राहिली.

घरी आल्यावर हिला सांगितलं. ही म्हणजे माझी बायको. हिला वाटेल ते आठवतं. म्हणाली, "गेल्या बुधवारी तुम्ही दुपारी डोकं धरून आलात. नवीन गोळीने गरगरतंय म्हणालात. त्या दिवशी हेच काम होतं ना?" मी म्हटलं, गरगरलं ते घरी आल्यावर. ती म्हणाली, "आल्यावर कसं, येतानाच जिन्याला धरून उभे होतात." पन्नास वर्षं संसार केला तरी बायकोला वकिली सोडवत नाही.

बुधवार. अकरा दिवस.

तीन हजार पुन्हा छापल्या. बांबूनेच. मी उभा राहून पाहिलं. हा माणूस रोलर पुसलेला बोळा पँटच्या मागच्या खिशात ठेवतो. नाक ओढतो. जेवायला बसला की हात न धुता बसतो, नखांत काळी शाई, आणि ते हात भाकरीवर. छपाई मात्र या वेळी स्वच्छ आली. धाक बसला की येते.

कापायला मी पुढे झालो तर लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही बसा. मी कापते." तिने कटरला या जन्मात हात लावला नव्हता. मी म्हटलं, तुला मागची पट्टी लावता येईल? ती म्हणाली, "बांबूने शिकवलंय." मागची पट्टी म्हणजे कागद जिला टेकवून कापतात ती, ती जिथे उभी, त्यावर काप कुठे पडणार ते ठरतं. लोक फूटपट्टीने मोजून पट्टी लावतात. मी कधी मोजली नाही. चाक फिरवायचं, बोटाने चाचपायचं, बोटाला कळतं. एकेचाळीस वर्षं कळलंय.

बांबूने शिकवलंय. म्हणजे मला बाजूला करायचं आधीच ठरलं होतं. पुढच्या वर्षी आकडे दाखवणारा नवा कटर घ्यायचा आणि तोही बांबूच चालवणार, असं दिवाळखोरीचं बोलणं मी मागे एकदा दाराआडून ऐकलं होतं.

मला चार वाजता घरी पाठवलं. कोपऱ्यापर्यंत गेलो आणि छत्री राहिली म्हणून परत फिरलो, तर शटर अर्धं खाली आणि आतून कटरचा आवाज. तीन हजारांचं काम तर माझ्या डोळ्यांदेखत संपलं होतं. मग आणखी काय कापत होती कोण जाणे. सराव करत असेल. छत्री न घेताच आलो.

गुरुवार. दहा दिवस.

आज नाव दिलं.

लेकीने कागदावर लिहून नेलं होतं: मशीनवर ताव सरकल्याने चूक झाली, मशीनमनला कामावरून कमी केलं आहे. एवढंच. साहेबांना ते पुरलं नाही. ताव का सरकला, असं विचारलं. लेक म्हणाली, होतं कधीकधी. साहेब म्हणाले, "कधीकधी निवडणुकीच्याच वेळी होतं?" आणि माझ्याकडे वळले. "आजोबा, तुम्ही तिथेच होतात. माणूस शुद्धीत होता का?"

मला त्या माणसाचे हात आठवले, खिशातला तो ओला बोळा आठवला. मी म्हटलं, वास यायचा.

"कसला?"

मी म्हटलं, वास यायचा एवढं खरं.

लेक म्हणाली, "बाबा." साहेब कारकुनाला म्हणाले, लिहा. कारकुनाचं अक्षर म्हणजे मुंग्या शाईत बुडून कागदावर चालल्या होत्या. मला त्यातलं 'वास' तेवढं लागलं. बाकीचं विचारावं तर चारचौघांत अडाणी ठरतो. सही केली. परत येताना लेक रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने चालली. माझंच कौतुक व्हायला हवं होतं, मी छापखाना वाचवला.

काय लिहिलं असेल त्याने?

शुक्रवार.

बांबू आला होता, त्याचा डबा आणि गळ्यातलं फडकं न्यायला. लेक बाहेर गेलेली. मी सुतळी गुंडाळत बसलो होतो. तो समोर येऊन उभा राहिला, नेहमीसारखा वाकून, जणू छप्पर डोक्याला लागेल.

म्हणाला, "काका, मी कामावर पिऊन होतो?"

मी गुंडाळत राहिलो. तो म्हणाला, कचेरीने सगळ्या छापखान्यांना पत्र पाठवलं आहे. निवडणुकीच्या कामात नशेत आढळलेला इसम, याला ठेवू नये. गावात सात छापखाने, सातही सरकारी कामावर जगतात. सकाळपासून तो चार ठिकाणी जाऊन आला होता. चौथ्याने तर त्याला वास घेऊन पाहिलं.

"मशीनची चूक म्हणून जायला मी तयार होतो," तो म्हणाला, "हे कुठून आलं?"

जायला तयार होतो म्हणे. जसं काही उपकार करत होता. मी मान वर केली नाही. त्याने डबा उचलला आणि गेला. जाताना पायरीवर थुंकला. बघा, मी सांगत नव्हतो?

शनिवार. आठ दिवस.

आज जे सापडलं ते कसं लिहू. दोनदा पेन खाली ठेवलं.

मतपत्रिकेच्या कागदाची कातरण उघडी राहू द्यायची नाही, जाळायची असा नियम आहे. बांबू गेल्यापासून ते कोण बघतं या काळजीने मी मागच्या खोलीत गेलो. खोलीला कुलूप होतं. छापखान्यात कधी कुलूप लावत नाहीत. किल्ली गल्ल्यात होती. आत एक गोणी, तोंड घट्ट शिवलेलं. माझ्या मनात आलं, बांबूने काहीतरी लपवलं आहे. खरं सांगतो, आनंदच झाला. सुरीने टाके उसवले आणि हात घातला.

बारीक बारीक पट्ट्या. पेराच्या अर्ध्याएवढ्या रुंद. एक उजेडात धरली. तिच्यावर एक काळी गोल रेघ होती आणि शेवटाला एक आडवी रेघ. दुसरी पाहिली, तीच. मूठभर काढल्या. सगळ्यांवर बादलीचं बूड आणि चौकोनाची खालची रेघ. गोणीभर बुडं.

कापणाऱ्याला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. छपाई खाली सरकली असती तर वरची मोकळी जागा वाढली असती, नर्सबाई म्हणाली तशी. बूड छापलेलं होतं, व्यवस्थित, जागेवर. काप वर पडला. वरच्या मतपत्रिकेचा तळ खालच्या मतपत्रिकेच्या डोक्यावर राहिला. आणि नंतर कुणीतरी त्या खालच्या मतपत्रिकांच्या डोक्यावरून ही पट्टी कापून टाकली, कुणाला कळू नये म्हणून. बुधवारी, शटर अर्धं ओढून.

माझ्या कटरवर एका वेळी पाचशे ताव बसतात. सहा थप्प्या म्हणजे तीन हजार. जेवणानंतर चाक फिरवलं ते आठवतं. बोटाने चाचपलं ते आठवतं. नमुन्याचा पहिला ताव कापून बघायचा असतो, ते आठवत नाही. बसून घ्यावंसं वाटत होतं आणि सहा थप्प्या उरल्या होत्या.

ती गोणी तशीच उघडी टाकून बाहेर आलो, घर गाठलं आणि मोरीत ओकलो. ही धावत आली. मी म्हटलं, खाल्लेलं बाधलं.

रविवार. सात दिवस.

लेकीला विचारलं. छापखाना बंद होता, ती घरी भाजी निवडत होती. म्हटलं, गोणी उघडली.

ती निवडत राहिली. मग म्हणाली, "टाके बारीक घालायला हवे होते."

मी विचारलं, केव्हा कळलं. पहिल्याच दिवशी, साहेबांच्या टेबलावर, कडेला अंगठा लावल्याबरोबर. आणि बांबूला? तिच्याही आधी. पेट्या भरतानाच एक गठ्ठा हाताला आखूड लागला म्हणून तो सांगायला आला होता, ती गडबडीत होती, नंतर बघू म्हणाली. चूक उघडी पडली तेव्हा तिने त्यालाच विनवलं की मशीनचं म्हणून अंगावर घे, सहा महिने दुसरीकडे काम कर, मग परत घेते. तो हो म्हणाला.

"मग काय करायचं होतं?" लेक म्हणाली. "तुमचं नाव देऊ? तुम्ही झोपेतसुद्धा चाक फिरवता, बाबा. आई सांगते. तो कटर काढून घेतला असता तर तुम्ही आठ दिवस काढले नसते. त्याचं काय, तरुण आहे, कुठेही लागला असता. पण तुम्ही त्याला दारुडा केलंत."

मी म्हटलं, मी फक्त वास म्हटलं.

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी उठून गॅलरीत गेलो. मला तिचीही किळस आली, हे लिहायला हवं. माझ्यासाठी केलं, पण केलं ते काय? एका माणसाला कागदासारखं धरलं आणि जिथे सोयीचं तिथे कापलं. हा हात तिला माझ्याकडूनच आला असणार.

सोमवार. सहा दिवस.

साहेबांकडे गेलो, एकटा. दोन तास बाकावर बसलो. बाकाखाली कुणीतरी चिकटवलेलं च्युइंगम बोटाला लागलं, ते अजून वास मारतं.

सगळं सांगितलं. साहेबांनी ऐकलं, मधे दोन फोन घेतले. मग फार गोड आवाजात म्हणाले, "आजोबा, अहवाल वर गेला. आता दुसरं नाव पाठवलं तर विचारतील, पहिलं कशाच्या आधारावर दिलं होतं. मग चौकशी. मग मतदान पुढे. तुमच्यापायी गावाचं मतदान पुढे ढकलू?" मी म्हटलं, पण तो माणूस पिऊन नव्हता. ते म्हणाले, "सही तुमची आहे." मग शिपायाला सांगितलं, आजोबांना जिना उतरवून दे, चक्कर येते त्यांना.

चक्कर येते हे मीच थोड्या वेळापूर्वी सांगितलं होतं.

मंगळवार.

कुठे गेलो नाही. अंथरुणातच. ही म्हणाली, ताप नाही, उगाच काय पडून राहिलात. कुणालाच काही न सांगता असंच पडून राहावं, आणखी पाच दिवसांनी सगळं संपेल, असं दिवसभर मनात येत होतं. संपेल म्हणजे माझं संपेल. बांबूचं नाही. ते कळत होतं आणि तरी पांघरूण ओढत होतो. स्वतःच्या अंगाचा वास आला तेव्हा उठलो.

बुधवार. चार दिवस.

आज खराब मतपत्रिका जाळायच्या होत्या, आठही उमेदवारांच्या माणसांसमोर, शाळेच्या मागच्या अंगणात. छापखान्याचा माणूस हजर लागतो. लेक निघाली होती. मी म्हटलं, मी येतो. मी खिशात चार पट्ट्या घेतल्या होत्या. तिने पाहिल्या असाव्यात, कारण वाटेत तिने माझा हात धरला आणि शाळेच्या फाटकापाशी सोडून दिला.

पत्र्याचं पिंप, आत तीन हजार कागद. सात जण सावलीत उभे राहून घड्याळ बघत होते. नर्सबाई पिंपापाशी उभी होती. साहेबांनी नोंदवही उघडली आणि वाचायला सुरुवात केली, मशीनमन नशेत असल्याने वगैरे. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं मी कशावर सही केली होती. 'नशेत', 'वारंवार', 'समज देऊनही'. यातलं एकही अक्षर माझ्या तोंडचं नव्हतं आणि खाली माझी सही होती, वाकडी.

मी पिंपातून एक मतपत्रिका काढली. शिपाई धावला. साहेब म्हणाले, आजोबा, हात लावायचा नाही. मला एवढंच सुचलं की मी ती नर्सबाईच्या हातात दिली आणि वर खिशातली पट्टी दिली. म्हटलं, लावून बघा.

तिने मतपत्रिका नोंदवहीवरच ठेवली, खाली पट्टी टेकवली. बादली पूर्ण झाली. चौकोनही.

मी म्हटलं, "छापलं बरोबर होतं. कापलं मी चुकीचं. मशीनवाल्याचा संबंध नाही."

सावलीतले सातही पुढे आले. साहेब हळूच म्हणाले की हे आपण आत बसून बोलू. नर्सबाई म्हणाली, "आत नको. इथेच लिहा, सगळ्यांसमोर." साहेबांनी पेन खाली ठेवलं. तेव्हा सातांपैकी एक, तेल लावून केस चापून बसवलेला, म्हणाला की नाही लिहिलं तर आम्ही सह्या करत नाही. त्याला बांबूची पर्वा नव्हती, साहेबांचा घाम बघायला मजा येत होती. तरी उपयोग झाला. मी म्हटलं, मी लिहितो, माझ्या हाताने. मुंग्यांचं अक्षर नको.

पाच ओळी लिहायला किती वेळ लागला माहीत नाही. ऊन डोक्यावर होतं. कुणी हललं नाही. मग मोठ्याने वाचलं. कापताना पट्टी मोजली नाही. नमुना कापून पाहिला नाही. सहा थप्प्या चुकल्या. मशीनमन पिऊन नव्हता. त्याच्या अंगाला येतो तो वास रॉकेलचा, रोलर रॉकेलने पुसतात.

नर्सबाईने विचारलं, "एकेचाळीस वर्षं छापखान्यात आहात. रॉकेलचा वास ओळखता आला नाही तुम्हाला?"

ती सहज म्हणाली, टोमणा नव्हता. मला हो म्हणता आलं असतं. म्हातारा आहे, नाक गेलं, सगळ्यांनी मानलं असतं. लेकसुद्धा माझ्याकडे बघत होती की म्हण, हो म्हण.

मी म्हटलं, "आला होता ओळखता. तेव्हाही माहीत होतं."

नर्सबाईने माझ्या हातातून पेन घेतलं, ते माझ्याच हाती परत दिलं आणि बोट वहीवर ठेवलं. मी तेही लिहिलं. मग त्यांनी पिंपाला काडी लावली. ओल्या बोटांनी मोजलेला कागद लवकर पेटत नाही. धूर सगळ्यांच्या तोंडावर आला.

गुरुवार.

छापखान्याला सरकारी काम पाच वर्षं बंद. कटरच्या चाकाला लेकीने साखळी लावली. माझ्यासमोर लावली आणि किल्ली स्वतःच्या कमरेला अडकवली. मग म्हणाली, जेवून घ्या. जेवलो. हिने दोघांना वाढलं आणि कुणाची बाजू घेतली नाही, हे पन्नास वर्षांत पहिल्यांदा.

सातही छापखान्यांना दुसरं पत्र गेलं. साहेबांनी त्यात 'गैरसमजातून' असा शब्द घातला आहे. गैरसमज कसला, मी लिहून दिलं आहे. ओळी माझ्या आणि गिळायला सोपं व्हावं म्हणून वरून साखर त्यांची. शिसारी येते.

शनिवार. उद्या मतदान.

बांबूच्या घरी गेलो होतो. त्याची आई दारात आली. म्हणाली, तो आता बाजारामागच्या छापखान्यात जातो, सोमवारपासून मशीन देणार आहेत. मी म्हटलं, लेक त्याला परत घ्यायला तयार आहे. तिने आत जाऊन विचारलं, म्हणजे तो घरातच होता. परत येऊन म्हणाली, "तो नाही म्हणतो." मी दारातून हललो नाही. ती म्हणाली, "आणखी काही?" मी निघालो.

रविवार. मतदान.

हिला घेऊन सकाळी गेलो. रांग शाळेच्या फाटकाबाहेर. चार-पाच लोकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. एक जण म्हणाला, आजोबा, आज किती कापणार? मी ऐकून घेतलं.

आत कागद हातात मिळाला. घडी उघडली, आधी तळ पाहिला, खिशातली फूटपट्टी लावून मोजला. बादली, बूड, चौकोन, चौकोनाच्या खाली मोकळी जागा. लेकीचा काप. सरळ होता, माझ्याहून सरळ. शिक्क्याची शाई मुठीपर्यंत माखलेली, शेकडो लोकांच्या घामाने चिकट झालेली मूठ. नेहमीची शिसारी आली. तरी घट्ट धरला. हात हलेल म्हणून डाव्या हाताने उजवा दाबून धरला. कुणाला दिलं ते इथे लिहायचं नसतं.

बाहेर पडलो तर दारापाशी बांबू. त्याचाच नंबर होता. नवा सदरा, नखं मात्र तशीच काळी. मी थांबलो. आठवडाभर मनात बरंच जुळवलं होतं. मागून माणसं ढकलत होती.

तोच बोलला. "खालची रेघ पूर्ण आहे का?"

मी म्हटलं, "आहे. मोजून पाहिली."

"मग सरका," तो म्हणाला. "दार अडवलंय तुम्ही."

मी सरकलो. तो वाकून आत गेला.